नवऱ्याच्या नावची भट्टी

लव्हडे ट्रेव्हास्कसला मोपोक घळीतली माणसं माघारी 'पाववाली' म्हणायची आणि तोंडावर 'बाई'. तिच्या हातचा पाव खाल्ला नाही असा खाणकामगार त्या घळीत शोधून सापडला नसता. पण ती इथे पाव विकायला आली नव्हती, आणि कायमची राहायला तर मुळीच नाही. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या गावातून निघून ती मेलबर्नच्या धक्क्यावर उतरली तेव्हा पाच वर्षांच्या टॅमसिनने तिचा झगा घट्ट धरला होता, पेटीत इथल्या उन्हात कधीच न लागणारे लोकरी कपडे होते, आणि मनात नवऱ्याचं एकच वाक्य होतं. एक नाताळ इथे, पुढचा घरी.

नवरा, हॅनिबल, तिच्या आधी वर्षभर मेलबर्नभोवतीच्या व्हिक्टोरिया वसाहतीत आला होता. गावाकडे तो तांब्याच्या खाणीत होता, बापासारखा आणि आज्यासारखा. उंच, देखणा, आणि गळा असा की प्रार्थनाघरात तो गायला उभा राहिला की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. त्याला व्यसन एकच होतं, आणि ते त्या काळी वसाहतीत व्यसन म्हणून कुणी मोजतच नव्हतं. कुठे सोनं लागल्याची हाकाटी उठली की त्याच्या अंगात वारं शिरायचं.

अशी हाकाटी उठली की काय होतं ते लव्हडे पहिल्याच उन्हाळ्यात शिकली. सकाळी कुणीतरी घोड्यावरून येतो, पाणी मागतो आणि सहज बोलावं तसं एखाद्या ओढ्याचं नाव सांगतो. दुपारी तंबूचे खुंटे उपटल्याचे आवाज येतात. दुसऱ्या दिवशी जिथे हजार माणसं होती तिथे नुसते खड्डे उरतात, आणि त्या खड्ड्यांत पडलेली एखादी बकरी दिवसभर ओरडत राहते. हॅनिबल पहिल्या निघणाऱ्यांत असायचा. सोनं लागत नव्हतं असं नाही. पुढच्या ठिकाणी जायचा खर्च निघावा इतपत हमखास लागायचं. लव्हडेला वाटे, एकदा अजिबात लागू नये, म्हणजे हा थकेल. किंवा एकदा भरपूर लागावं, म्हणजे आपण घरी जाऊ. दोन्हींतलं काहीच झालं नाही.

तिचा धाकटा, पेथरिक, अशाच एका तंबूत जन्मला आणि दुसऱ्या तंबूत गेला. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ झालं की मुलांना हगवण लागायची. त्या वर्षी बरीच मुलं गेली. पेथरिकला बोलता येऊ लागलं होतं. त्याला टेकाडाच्या उतारावर, एका वाकड्या निलगिरीखाली पुरलं. पाटी करायला फळी नव्हती, म्हणून हॅनिबलने सालीवर सुरीने नाव कोरलं. त्यातली अक्षरं चुकली होती, पण लव्हडेने ती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी घोडेस्वार आला. दुपारी हॅनिबल तंबू गुंडाळायला लागला.

"काल पुरलंय आपण त्याला," लव्हडे म्हणाली.

"मला नाही का ठाऊक?" तो खाली बघूनच दोर सोडवत म्हणाला. "पण तो आता देवाघरी आहे, लव्हडे. इथे नुसती माती आहे, आणि तीही पोकळ."

"मला चार दिवस बसू दे इथे."

"चार दिवसांत तिथली चांगली जागा जाईल. कशाच्या जोरावर थांबायचं? बाकीचे सगळे निघालेत, पाणी आणायलासुद्धा माणूस उरणार नाही."

ते खरंच होतं. रिकाम्या घळीत एकट्या बाईने लहान मुलीला घेऊन राहायचं म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं. ती गाडीवर पाठमोरी बसली आणि झाड दिसेनासं होईपर्यंत तिकडे बघत राहिली.

वर्षभराने पिठाची गाडी हाकणाऱ्या एका माणसाबरोबर लव्हडे ती जागा शोधायला गेली. टेकाड सापडलं, उतार सापडला नाही. मागून आलेल्या लोकांनी सगळी माती पुन्हा उपसून धुतली होती. वाकडी निलगिरी आणि तिच्या भोवतीची सगळी झाडं खाणींना टेकू म्हणून तोडून नेली होती. एक चिनी म्हातारा तिथे सोनं गाळायच्या लाकडी पाळण्यात वाळू धूत होता. बाई काहीतरी शोधते आहे एवढं त्याला समजलं. त्याने काम थांबवून तिला चहा दिला, आणि ती पिऊन होईपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला. परत आल्यावर लव्हडेने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "तिथली झाडं तोडलीत." त्याने मान हलवली आणि टॅमसिनला मांडीवर घेऊन बसला. पण त्या दिवसापासून लव्हडेच्या मनाने घेतलं की आता जिथे थांबू तिथून हलायचं नाही.

ती जागा म्हणजे मोपोक घळ. वरवरच्या मातीतलं सोनं तिथेही लवकरच संपलं, पण खाली गारगोटीच्या दगडात शीर सापडली. दगड कुटायची वाफेची गिरणी आली. गिरणीमागून लोहार, खाणावळ, प्रार्थनाघर आलं. दिवसरात्र धडधडणारी ती गिरणी बाकीच्या बायकांना नकोशी व्हायची. लव्हडेला तो आवाज आवडायचा. एवढं अवजड लोखंड कुणी गुंडाळून गाडीवर टाकणार नाही, असं तिला वाटायचं.

तिने दगड-चिखलाची भट्टी स्वतः रचली. पहिली कोसळली, दुसरी तडकली, तिसरी टिकली. आधी नुसता पाव, मग कणकेच्या घडीत मटण, बटाटा आणि सलगम भरून भाजलेल्या पेस्ट्या. खाणीत उतरणाऱ्यांना त्या सोयीच्या, कारण त्या दुपारपर्यंत खिशात ऊब धरून राहायच्या. सालीच्या छपराची खोली झाली, पुढे खिडकी पाडली, खिडकीत फळी आली. हॅनिबल जवळपासच्या हाकाट्यांवर जायचा, हात हलवत परत यायचा, खायचा, गायचा, आणि जाताना पुढच्या फेरीचा खर्च पैशांच्या डब्यातून घेऊन जायचा. डबा तिच्या ताब्यात असला तरी जागेचा परवाना त्याच्या नावावर होता. तसाच तो सगळ्यांच्या नवऱ्यांच्या नावावर होता. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही.

मग न्यूझीलंडची हाकाटी उठली. ही साधी नव्हती. अख्ख्या वसाहतीतले तंबू हलले. बंदरात जहाजं कमी पडू लागली.

"आता सगळे जाऊ," हॅनिबल म्हणाला. "तिथे नदीची वाळू परातीत घेतली तर परात जड लागते म्हणे."

"तू जा," लव्हडे म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे जा. मी भट्टी सोडून येत नाही."

तो हसला. त्याला ते थट्टेसारखं वाटलं. पण ती सामान बांधेना तेव्हा त्याचा चेहरा उतरला. रविवारी प्रार्थनेनंतर, सगळी माणसं अंगणात उभी असताना, त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "सगळ्यांदेखत विचारतो, लव्हडे. बायको म्हणून माझ्याबरोबर येतेस ना?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने तिचा हात सोडला. दोन दिवसांनी तो एकटा गेला.

पहिल्या वर्षी त्याचा एक निरोप आला, मग काही नाही. लव्हडेच्या भट्टीचं मात्र चांगलं चाललं. टॅमसिन हाताशी आली. तेवढ्यात घरून कळलं की आईने अंथरूण धरलंय. लव्हडेला वाटलं, आता पुरे. विकावं, बोटीत बसावं, आईला भेटावं. घळीतला किराणा दुकानदार आयनस्ली ही बेकरी घ्यायला एका पायावर तयार होता. स्कॉटलंडचा माणूस, शब्दाला पक्का, पण तितकाच सावध.

"बाई, मला घ्यायचंच आहे," तो म्हणाला. "पण उद्या तुमचा नवरा येऊन माझ्या दारात उभा राहिला तर? त्याची सही आणा."

"तो कुठे आहे तेच मला माहीत नाही."

"मग कोर्टाचं काहीतरी आणा."

ती मोठ्या गावी जाऊन वकिलाला भेटली. वकील तरुण होता, सभ्य होता. त्याने तिला खुर्ची दिली आणि समजावलं, की लग्न झालेल्या बाईचं असं वेगळं काही नसतं. भट्टी, खिडकी, पिठाची पोती, तिची कमाई, सगळं नवऱ्याचं.

"कणीक मी मळते, साहेब."

"हो. पण कायद्याने ती त्याच्यासाठी मळता."

मग तो म्हणाला, एक वाट आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायकोला न्यायाधीश हुकूम देऊ शकतो, की तो गेल्यापासूनचं तिने कमावलेलं तिचं. लव्हडेला हायसं वाटलं. तिने अर्ज केला, चांगला झगा घातला आणि कोर्टात उभी राहिली.

न्यायाधीश पिकल्या मिशांचा होता. त्याने आवाज चढवला नाही.

"नवऱ्याने तुम्हाला टाकलं, असं तुमचं म्हणणं."

"होय साहेब. दोन वर्षं झाली."

"जाताना भांडला? मारलं? दुसरी बाई?"

"नाही साहेब."

"तुम्हाला बरोबर चल म्हणाला होता का?"

लव्हडेने मागे वळून पाहिलं. प्रार्थनाघरातली निम्मी माणसं मागच्या बाकांवर बसली होती, तिच्यासाठीच आलेली. "म्हणाला होता," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी नाही म्हणाले."

न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली. "बाई, बायकोचं घर म्हणजे नवरा असेल ती जागा. तो बोलावत होता, तुम्ही गेला नाहीत. मग कुणी कुणाला टाकलं? मी हा हुकूम दिला तर उलट तुमच्या नवऱ्यावर अन्याय होईल."

तिला खूप बोलायचं होतं. एका टेकाडाबद्दल, तोडलेल्या झाडांबद्दल. पण ते कुठून सुरू करायचं ते तिला उमगेना, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

परतताना ओनोरा कॅफर्की तिच्याबरोबर गाडीत होती. ओनोरा आयरिश, घळीच्या तोंडाशी चोरून दारू विकणारी, लव्हडेहून बरीच मोठी. प्रार्थनाघरातल्या बायका तिच्याशी बोलत नसत, पण लव्हडे बोलायची, कारण ओनोरा उधारी ठेवत नसे आणि पावाला नावं ठेवत नसे.

"तू खरं बोललीस तिथेच मेलीस," ओनोरा म्हणाली. "मी बघ. बोटीतून उतरताना डोक्याला काळा रुमाल बांधला आणि विधवा म्हणून नाव सांगितलं. आजवर कुणी विचारलं नाही, तुझं दुकान कुणाचं म्हणून."

"आणि कॅफर्की?"

"असेल होबार्टात. देव त्याला उदंड आयुष्य देवो. तिकडेच."

लव्हडेला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. ओनोराने तिला जवळ घेतलं नाही, नुसती गाडीच्या कडेला सरकून तिला जागा करून दिली.

"तूही बांध रुमाल, पोरी."

"इथे सगळे ओळखतात त्याला, कॅफर्कीबाई. आणि बायबलावर हात ठेवून मला नाही जमायचं."

आई गेल्याचं त्या हिवाळ्यात कळलं.

हॅनिबल परतला तो पुढच्या वर्षी, लंगडत. बर्फात त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. केस पिकले होते. लव्हडेने पाणी तापवलं, पाय धुतला, पट्टी बांधली. राग करायचा तिने ठरवला होता, पण तो पाय बघून तिला तो धरता येईना. त्याने भट्टीचं निखळलेलं दार नीट बसवलं, टॅमसिनला बर्फाच्या गोष्टी सांगून हसवलं, रविवारी गायला. काही आठवडे असे गेले की लव्हडेला वाटलं, पायाने का होईना, हा अडकला बरं झालं. आपण जसे अडकलो तसा हाही आता इथे अडकला.

एका सकाळी आयनस्ली आला आणि फूटपट्टी घेऊन खिडकी मोजायला लागला.

"काय करताय?" लव्हडेने विचारलं.

आयनस्लीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे. हॅनिबल दारात उभा होता.

"तू सांगितलं नाहीस बाईंना?" आयनस्लीने विचारलं.

"सांगणारच होतो," हॅनिबल म्हणाला. "लव्हडे, तूच तर विकायचं म्हणत होतीस ना? सगळे सांगत होते मला. मग विकलं. आता न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लागलंय, एका चांगल्या टोळीत मला वाटा मिळतोय. पायाला फार चालायचं काम नाही, पंपावर बसायचं. परत आलो की तुला विटांची बेकरी बांधून देतो. काचेच्या खिडकीची."

लव्हडेचे हात कणकेत होते. ती मळत राहिली. कणीक सोडली असती तर फुकट गेली असती, आणि दुपारच्या पाळीची माणसं उपाशी खाली उतरली असती. गोळा उलटून ती म्हणाली, "हे पीठ कुणाचं आहे आता?"

"माझं," आयनस्ली ओशाळून म्हणाला. "पण तुम्ही इथेच काम करा, बाई. तुमच्यासारखा पाव मला कुठून मिळणार?"

हॅनिबल निघाला तेव्हा त्याने पुन्हा बरोबर ये म्हणून विचारलं नाही.

अशा रीतीने लव्हडे स्वतःच्या भट्टीवर मजुरीला लागली. दारावर आयनस्लीच्या नावाची पाटी लागली. आयनस्ली वाईट नव्हता. तिची मजुरी तो तिच्याच हातात ठेवायचा, पण प्रत्येक वेळी सांगायचाही, की खरं तर ही तुमच्या नवऱ्याची, मी आपलं माणुसकीने देतो. जायला दुसरीकडे कुठे नव्हतं. पुढच्या गावी गेली तरी तिथे ती हॅनिबल ट्रेव्हास्कसची बायकोच असणार होती. पहाटे उठून ती भट्टीचं तोंड उघडायची आणि तिला वाटायचं, आपण लाकडासारखे रोज यात जातो.

वाट दाखवली ती ओनोरानेच. "तुझी मुलगी," ती म्हणाली. "लग्न न झालेली, सज्ञान बाई कायद्याला दिसते. तिचं दुकान तिचंच असतं. लग्न झालं की दिसेनाशी होते."

टॅमसिन तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. एकवीस व्हायला अवकाश होता. पण लव्हडेला पकडायला दोरी मिळाली. तिने मिळतं त्यातलं बाजूला टाकायला सुरुवात केली, मोडक्या धुराड्यांच्या विटा गोळा करून ओनोराच्या परसात रचल्या. टॅमसिनला सगळं सांगितलं, आणि टॅमसिन हो म्हणाली. तिने आईला कोर्टातून परत येताना पाहिलं होतं.

मधल्या काळात गिरणीवर इंजिन सांभाळायला वेल्सचा एक तरुण आला, आयव्हर प्रोथेरो. अबोल, तेलाने हात कायम काळे. तो पाव घ्यायला रोज यायचा. एकट्या माणसाला इतका पाव लागत नाही, हे लव्हडेच्या आधी सगळ्या घळीला कळलं. टॅमसिन एकोणीस वर्षांची असताना त्याने मागणी घातली.

"एकवीस होऊ दे," लव्हडे म्हणाली.

एकवीस झालं. टॅमसिनच्या नावावर परवाना निघाला, विटांची भट्टी उभी राहिली, गिऱ्हाईक एका आठवड्यात आयनस्लीकडून इकडे वळलं. आयनस्ली महिनाभर बोलला नाही. मग व्यवहारी माणूस, त्यांनाच पीठ पुरवायला लागला. आयव्हरने पुन्हा विचारलं.

"भट्टीचा जम बसू दे," लव्हडे म्हणाली.

जम बसला. मग ती म्हणाली, हा उन्हाळा जाऊ दे. टॅमसिनने वाद घातला नाही. ती कमी बोलायला लागली, एवढंच. आयव्हर आला की ती पाव कागदात गुंडाळून त्याच्या हातात द्यायची आणि आत वळायची. लव्हडे हे बघत होती आणि स्वतःला सांगत होती, पोरीचं भलंच करतेय मी.

एका दुपारी दोघी परातीच्या दोन बाजूंना कणीक मळत होत्या.

"आई, किती उन्हाळे?" टॅमसिनने विचारलं.

"कसले?"

"तू सांग. मी मोजायचं सोडलंय."

"अगं, तू लग्न केलंस की हे सगळं त्याचं. तुला माहितेय. उद्या कुठे हाकाटी उठली आणि त्याच्या मनात आलं तर..."

"माहितेय." टॅमसिनने हात थांबवले नाहीत. "बाबांनी तुला अडकवलं. तू मला अडकवलंस. त्यांना निदान कळत तरी नव्हतं."

लव्हडेला वाटलं, पोरगी आणखी काही बोलेल, भांडेल. पण टॅमसिनने कणकेचे गोळे केले, फळीवर मांडले, वर ओलं फडकं टाकलं. लव्हडे तशीच पिठाच्या हातांनी बाहेर पडली आणि थेट गिरणीवर गेली.

तिथे बोललेलं ऐकू येत नव्हतं. तिला बघून आयव्हरने इंजिनाची वाफ कमी केली. दगड कुटणारे लोखंडी पाय एकेक करून थांबले. वरून मुकादम ओरडला, काय झालं म्हणून. आयव्हरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"ज्या दिवशी लग्न होईल त्या दिवशी ती भट्टी तुझी होईल," लव्हडे म्हणाली. "मी अशी एक घालवली आहे."

"ठाऊक आहे, बाई."

"तुला विकता येईल. मला किंवा तिला न विचारता."

"येईल."

"मग?"

आयव्हरने हात चिंधीला पुसले. "मी तुम्हाला शपथ घेऊन सांगू शकतो. पण तुमच्या नवऱ्यानेही घेतल्याच असतील. मला पाव भाजता येत नाही, बाई. इंजिन चालवता येतं आणि एका जागी बसता येतं. याच्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

तिला खात्री पटली नाही. पुढे कितीतरी दिवस पटली नाही. पण ती घरी आली आणि टॅमसिनला म्हणाली, "पाद्रीबाबांना सांगून ये." टॅमसिनने हात धुतले, कमरेचं फडकं काढून ठेवलं आणि गेली.

लग्न झालं. ओनोराने केशर घातलेला केक खाऊन बघितला आणि म्हणाली, "तुमच्या प्रार्थनाघरात पाऊल न टाकता एवढं मिळालं, पुष्कळ झालं." लव्हडे भट्टीमागच्या खोलीत राहिली, कायद्याने जावयाच्या घरात. दुकानात कुणी नव्या शिरेचं, नव्या ओढ्याचं नाव काढलं की तिचे हात थांबायचे. आयव्हर जवळपास असला तर ती त्याच्याकडे बघायची. तो ऐकायचा, 'असं का' म्हणायचा, आणि विचारायचा, आज मिठाचा पाव नाही का?

वर्ष उलटायच्या आत मेलबर्नमध्ये नवा कायदा झाला, की लग्न झालेल्या बाईची कमाई आणि मालमत्ता तिची राहील. मोपोक घळीत त्याची चर्चा एक दिवससुद्धा झाली नाही. दक्षिणेकडच्या खाणीला नवी शीर लागली होती आणि सगळे तिकडे धावले होते. आयव्हरने एक रजा टाकली, टॅमसिनला घेऊन मोठ्या गावी गेला आणि भट्टी रीतसर तिच्या नावावर करून आला.

"मी सांगितलं नव्हतं तुला," लव्हडे त्याला म्हणाली.

"नाही सांगितलंत," तो म्हणाला. "पण कुणी सोनं म्हटलं की तुम्ही माझ्या पायांकडे बघता. जेवण जात नाही मला."

त्यानंतर लव्हडे त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला लागली.

हॅनिबलच्या बातम्या मधूनमधून यायच्या. कुणी त्याला पश्चिम किनाऱ्यावर पाहिलेलं, कुणी क्वीन्सलंडमध्ये. त्या काळात गिरणीच्या एका विधुर मुकादमाने लव्हडेकडे विचारणा केली होती. चांगला माणूस होता. ती म्हणाली, मला विचारून उपयोग नाही, मी कुणाची तरी बायको आहे. कुणाची ते त्यालाही माहीत होतं, म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही.

टॅमसिनची मुलं शाळेत जायला लागली त्या सुमारास उत्तरेकडून परतलेला एक खाणकामगार पाव घ्यायला थांबला. बोलघेवडा होता. कॉर्नवॉलची माणसं कशी गातात यावर बोलता बोलता म्हणाला, तिकडे आमच्यात एक लंगडा होता, काय गळा त्याचा. हॅनिबल नाव. बिचाऱ्याची बायको व्हिक्टोरियात वारली म्हणे, तिची आठवण निघाली की डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या.

टॅमसिन पुढे व्हायला लागली, पण लव्हडेने तिला हाताने मागे सारलं.

"कधी वारली म्हणाला?" तिने विचारलं.

"हिवाळ्यात, म्हणाला. तापाने."

"आणि तो कसा होता?"

"बरा होता, मी निघालो तेव्हा. पुढे कुठेतरी नवीन लागलंय, तिकडे जाणार होता."

लव्हडेने त्याला पाव दिला, सुटे पैसे दिले. तो गेल्यावर परसातून सगळं ऐकत असलेली ओनोरा आत आली. ती आता वाकली होती, काठी घेऊन चालायची.

"आता तरी बांध काळा रुमाल," ती म्हणाली. "त्यानेच सोडवलं तुला."

"मला कुठे सोडवलं?" लव्हडे म्हणाली. "तो मेला असं कुणी सांगितलेलं नाही. मी मेले असं तो सांगत फिरतोय. सुटला तो."

ओनोरा काठी टेकत खुर्चीत बसली. लव्हडेने खिडकीतल्या फळीवरचा पावाचा भुगा झटकला. मग ती म्हणाली, खरंच रडत असेल तो. तो खोटं रडणारा नव्हता.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. गुडघे धरले तरी पीठ चाळायचं काम तिने सोडलं नाही. टॅमसिनने एकदा सुचवलं, आई, आता जाऊन ये कॉर्नवॉलला, आयव्हर तिकीट काढून देतो. लव्हडेने दोन दिवस विचार केला. तिथे ओळखीचं कोण उरलं असेल याची नावं तिने बोटांवर काढून पाहिली आणि नको म्हणाली. रविवारी दुपारी भट्टी थंड असायची. त्या वेळी ती दाराशी खुर्ची टाकून बसायची, आणि रस्त्याने कुणी घोडेस्वार येताना दिसला, की तो पाणी मागायला थांबायच्या आत उठून आत जायची.